क्ष किती हे न विचारणारं गणित

अमेरिकेत पदव्युत्तर प्रवेशासाठी जी जीआरई परीक्षा देतात, तिच्या गणितात दोन राशींची (क्वांटिटी) तुलना करायला लावणारे प्रश्न असतात. स्क्रीनवर प्रश्न दिसतो तो एवढाच. डावीकडे क्वांटिटी ए: क्ष² + १. उजवीकडे क्वांटिटी बी: २क्ष. वर कुठलीही अट नाही. खाली चार पर्याय, आणि ते प्रत्येक प्रश्नाला तेच असतात: ए मोठी, बी मोठी, दोन्ही समान, किंवा दिलेल्या माहितीवरून संबंध ठरवता येत नाही. सोयीसाठी त्यांना ए, बी, सी, डी म्हणूया.

बहुतेक जण क्षच्या जागी आधी २ घालतात. ५ आणि ४, म्हणजे ए मोठी. मग ० घालतात: १ आणि ०, ए. मग −३: १० आणि −६, पुन्हा ए. जास्त काळजी घेणारे १/२ सुद्धा घालून बघतात: सव्वा आणि एक, परत ए. धन, शून्य, ऋण, अपूर्णांक, चारही जातींच्या संख्या झाल्या आणि चारही वेळा एकच निकाल. पर्याय ए निवडला जातो आणि प्रश्न चुकतो. कारण क्ष = १ घेतलं की दोन्हीकडे २ येतात. एकदा ए मोठी, एकदा समान; उत्तर डी.

हेच दुसऱ्या वाटेने करून बघा. ए मधून बी वजा केली की क्ष² − २क्ष + १ उरतं, म्हणजेच (क्ष − १)². वर्ग ऋण होत नाही, पण शून्य होऊ शकतो, आणि हा वर्ग क्ष = १ असतानाच शून्य होतो. दोन ओळींत सगळं उघडं पडलं. याच प्रश्नात क्वांटिटी ए क्ष² + २ असती तर वजाबाकी (क्ष − १)² + १ आली असती. ती कायम धन, म्हणून उत्तर निःशंक ए.

जीआरईच्या तुलनेच्या प्रश्नांत काय चालतं ते या एका प्रश्नात जवळजवळ सगळं आलं. इथे क्ष किती हे कोणी विचारत नाही. ‘ए मोठी आहे’ हे विधान क्षच्या प्रत्येक शक्य किमतीला टिकतं का, एवढाच सवाल असतो. त्यामुळे चार पर्यायांना पुरावा सारखा लागत नाही. डी सिद्ध करायला दोन उदाहरणं पुरतात, फक्त त्यांचे निकाल वेगळे यायला हवेत. ए, बी किंवा सी सिद्ध करायला शंभर उदाहरणंही पुरत नाहीत. तिथे कारण लागतं. संख्या घालून बघणं हे मोडण्याचं हत्यार आहे, सिद्ध करण्याचं नाही. हा फरक डोक्यात पक्का बसला नाही की बीजगणित उत्तम येणारी मुलंही या प्रश्नांत गुण घालवतात. दहावी-बारावीत समीकरण दिसलं की सोडवायचं, ही सवय लागलेली असते. इथे ती सवय बाजूला ठेवायला वेळ लागतो.

परीक्षेची चौकट थोडक्यात. जीआरई घेते ईटीएस ही अमेरिकन संस्था. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आटोपशीर झाली, एकूण १ तास ५८ मिनिटांची. गणिताचे दोन विभाग: पहिल्यात १२ प्रश्न २१ मिनिटांत, दुसऱ्यात १५ प्रश्न २६ मिनिटांत. दुसरा विभाग किती अवघड येणार हे पहिल्यातल्या कामगिरीवर ठरतं. गुण १३० ते १७० मध्ये. साधारण तिसरा हिस्सा प्रश्न तुलनेचे असतात आणि ते सहसा विभागाच्या सुरुवातीलाच येतात. अमेरिकेत बारावीनंतरच्या कॉलेज प्रवेशासाठी असलेल्या एसएटीतही हा प्रकार होता, २००५ मध्ये तो काढून टाकला. जीआरईने मात्र ठेवला. एमएससाठी अमेरिकेला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरना यातलं गणित अवघड नसतं. त्यांना अडवते ती प्रश्नाची घडण.

आता प्रश्न समोर आल्यावर हात कसा चालवायचा ते सांगते.

सगळ्यात आधी मधोमध लिहिलेली अट. ती नसेल तर ‘क्ष ही कुठलीही वास्तव संख्या’ हीच अट समजायची. ऋण, शून्य, अपूर्णांक, √२, सगळं चालतं. असेल तर तिच्यातला प्रत्येक शब्द कागदावर उतरवायचा. ‘पूर्णांक’ म्हटलं की अपूर्णांक बाद, पण शून्य आणि ऋण संख्या शिल्लक. ‘धन’ म्हटलं की शून्य बाद, पण १/१०० शिल्लक. ‘क्षय > ०’ म्हणजे क्ष आणि य यांचा गुणाकार धन; याचा अर्थ दोघांचं चिन्ह एकच, दोन्ही धनच असतील असं नाही. ‘क्ष ≠ ०’ दिसलं की बहुतेक वेळा कुठेतरी छेदात क्ष आहे म्हणून ते लिहिलेलं असतं. त्यातून क्ष धन असल्याचा अर्थ काढू नये.

अट किती मोलाची असते त्याचं एक उदाहरण. २क्ष + ३य = १२; ए मध्ये क्ष, बी मध्ये य. दोन चल आणि एक समीकरण, म्हणून डी. बरोबर आहे. आता त्याच ओळीत ‘क्ष आणि य धन पूर्णांक’ एवढं जोडा. य = १ घेतलं तर क्ष साडेचार, चालत नाही. य = २ ला क्ष = ३, चालतं. य = ३ ला क्ष दीड, नाही. य = ४ ला क्ष शून्य, तोही बाद. एकच जोडी उरली, ३ आणि २. उत्तर ए. ‘दोन चल, एक समीकरण, म्हणजे ठरवता येत नाही’ हे घोकलेलं वाक्य इथे सरळ गुण घालवतं.

उलट बाजूची चूकही तितकीच होते. क्ष² = १६ दिलंय; ए मध्ये क्ष, बी मध्ये ५. क्ष ४ की −४, कळत नाही, म्हणून डी लिहून मोकळे होतात. पण ४ असो की −४, दोन्ही ५ पेक्षा लहानच. उत्तर बी. किंमत कळली नाही म्हणजे तुलना होत नाही असं नाही. बी मध्ये ५ ऐवजी ४ असते तर मात्र डी. आणि √१६ असं लिहिलेलं असेल तर ते फक्त ४. वर्गमूळाच्या चिन्हाचा अर्थ या परीक्षेत ऋणेतर मूळ एवढाच.

अट वाचून झाली की दोन्ही बाजूंकडे एकत्र बघायचं. मी दोन्ही राशी कागदावर शेजारी लिहून मध्ये प्रश्नचिन्ह ठेवते. > किंवा < चिन्ह नाही, कारण ते अजून ठरलेलं नाही. मग दोन्ही बाजूंना सारखीच क्रिया करत जायचं. ३क्ष + ७ ? ५क्ष + १. दोन्हीकडून ३क्ष आणि १ काढले: ६ ? २क्ष. दोनने भागलं: ३ ? क्ष. आता वरच्या अटीत क्ष < ३ असेल तर ए, क्ष < ४ असेल तर डी. मिळवणं आणि वजा करणं केव्हाही चालतं, कुठल्याही राशीने. क्षचा सहगुणक धन राहील अशा बाजूला त्याला न्यायचं. नाहीतर −२ ने भागावं लागतं, तिथे बाजू उलटते आणि घाईत ते विसरलं जातं.

गुणणं-भागणं फक्त खात्रीने धन असलेल्या राशीने. सगळ्यात जास्त बळी इथे जातात. अट: य > १. ए: क्षय. बी: क्ष. दोन्हीकडे क्ष आहे, उडवला, य ? १ उरलं, य मोठा, म्हणून ए. दिसायला स्वच्छ आणि पूर्ण चुकीचं. क्ष = −१, य = २ घ्या: ए −२ आणि बी −१, बी मोठी. क्ष शून्य असेल तर दोन्ही समान. उत्तर डी. क्षने भागण्याऐवजी वजाबाकी केली असती तर क्ष(य − १) ? ० आलं असतं. कंस धन आहे, पण क्षचं चिन्ह माहीत नाही, हे तिथेच डोळ्यांसमोर आलं असतं. चलाने भागायचा मोह झाला की भागू नका, वजा करून सामाईक अवयव बाहेर काढा.

चल धन आहेत अशी खात्री असेल तर मात्र तिरकस गुणाकार फार कामाचा. क्ष आणि य धन पूर्णांक. ए: क्ष/य, बी: (क्ष + १)/(य + १). संख्या घालत बसलात तर दोन-तीन प्रयत्न लागतील. त्यापेक्षा तिरकस गुणा: क्षय + क्ष ? क्षय + य. क्षय दोन्हीकडून गेला, उरलं क्ष ? य. म्हणजे हा सगळा प्रश्न क्ष मोठा की य मोठा एवढाच होता, आणि त्याबद्दल काही सांगितलेलं नाही. डी. अंशाधिक अपूर्णांकात वर-खाली १ मिळवला की किंमत घटते, अंश छेदाहून लहान असेल तर वाढते, समान असतील तर १ च राहते, हेही याच ओळीतून कळतं.

वर्ग करायला तशीच सावधगिरी. √क्ष + √य आणि √(क्ष + य) यांची तुलना करायची असेल तर दोन्ही बाजू ऋण नाहीत, म्हणून वर्ग चालतो: क्ष + य + २√(क्षय) ? क्ष + य. उरलं २√(क्षय) ? ०. क्ष, य दोन्ही धन असतील तर ए. अटीत > च्या जागी ≥ असेल तर शून्यही आलं, आणि उत्तर डी झालं. एका आडव्या रेघेने उत्तर बदलतं. प्रश्न काढणारे ही रेघ मुद्दाम घालतात.

विस्तार करून सोपं होत असेल तर आधी विस्तार. (क्ष + ३)(क्ष − ३) आणि क्ष² − ८: क्ष² दोन्हीकडून गेला, −९ आणि −८ उरले, बी. इथे संख्या घालणं म्हणजे निव्वळ वेळ दवडणं.

सुलभ रूप दिलं तरी निकाल दिसत नसेल, तेव्हा संख्या घालायच्या. त्याही अंदाधुंद नाही. पहिली संख्या घातली की दोन पर्याय लगेच मरतात. ए मोठी आली तर बी आणि सी खोडा. राहिले ए आणि डी. आता दुसरी संख्या निवडताना हेतू एकच: हा निकाल मोडेल अशी कुठली? पहिल्यांदा ३ घातला असेल तर नंतर ५ आणि १० घालून काही हाती लागत नाही, त्या एकाच जातीच्या आहेत. जात बदला. शून्य गुणाकार गिळतं. १ चा कुठलाही घात १ च. ० आणि १ च्या मधल्या अपूर्णांकाचा वर्ग केला की तो लहान होतो, वर्गमूळ घेतलं की मोठा. ऋण संख्येचा वर्ग धन, घन ऋण. −१/२ मध्ये या दोन्ही खोड्या एकत्र असतात, म्हणून ती अनेकदा एकट्याने काम करते. क्ष² आणि क्ष³ यांची तुलना घ्या: २ ला बी मोठी, १/२ ला ए मोठी, संपलं. क्ष < ० अशी अट असेल तर वर्ग धन आणि घन ऋण, कायम ए. तिथे एकही संख्या घालायची गरज नाही.

एक सल्ला मात्र आग्रहाने देते: पहिली संख्या २ नको. २ + २, २ × २ आणि २ चा वर्ग, तिन्ही ४ च. क्ष² आणि २क्ष यांत २ घातला की ४ आणि ४. मग पडताळायला ० घातलं: ० आणि ०. दोनदा समान आलं म्हणून सी निवडणारे खूप दिसतात. ३ घातला असता तर ९ आणि ६ आले असते. राशीत जे आकडे आधीच आहेत तेच चलाला देऊ नयेत. ३, ५, ७ असे तटस्थ आकडे सुरुवातीला बरे. खास आकडे मोडायच्या फेरीसाठी राखावेत.

क्षला मर्यादा दिली असेल तर दोन्ही टोकं तपासायची, शिवाय मध्ये शून्य येत असेल तर तेही. −३ < क्ष < २. ए: क्ष², बी: ४. उजव्या टोकाकडे बघून ‘क्ष २ पेक्षा लहान, म्हणून वर्ग ४ पेक्षा लहान’ असं वाटतं. डावीकडे −२.९ आहे, त्याचा वर्ग ८.४१. डी. दोन चलांना मर्यादा असतील तर चारही कोपऱ्यांचे गुणाकार लिहून काढा. −४ ≤ क्ष ≤ २ आणि −३ ≤ य ≤ ५ असताना कोपरे येतात १२, −२०, −६ आणि १०. ए मध्ये ‘क्षयची कमाल किंमत’ आणि बी मध्ये १० असेल तर उत्तर ए, कारण −४ × −३ चे १२ होतात. आणि लक्षात घ्या, कमाल किंमत ही ठरलेली संख्या आहे. क्ष, य दिसतात म्हणून डी शक्य वाटतो, पण दोन्ही बाजूंना निश्चित संख्या असतील तिथे डी असूच शकत नाही.

हा नियम चल नसलेल्या प्रश्नांत फुकटची मदत करतो. २ चा ४० वा घात आणि ३ चा २५ वा घात. स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर आठच आकडे दाखवतो, त्यात हे मावत नाही. पण डी आधीच बाद. मग २ चा ४० वा घात म्हणजे २५६ चा पाचवा, आणि ३ चा २५ वा म्हणजे २४३ चा पाचवा. ए. साधारणपणे तुलनेच्या प्रश्नात कॅल्क्युलेटरकडे हात गेला की थांबून विचार करावा. दोन्ही बाजूंची नेमकी किंमत क्वचितच लागते.

दोन चल असतील तर आणखी तीन जोड्या बघायच्या: दोन्ही समान, दोन्ही ऋण, आणि एक धन एक ऋण. क्ष > य दिलंय. ए: १/क्ष, बी: १/य. मोठ्या संख्येचा व्यस्त लहान, म्हणून बी, असं पटकन वाटतं, पण ते दोघांचं चिन्ह एकच असेल तरच खरं. क्ष = १, य = −१ घेतलं की ए १ आणि बी −१. डी. अटीत क्षय > ० जोडलेलं असेल तर बी. केवलमूल्यातही हेच: |क्ष + य| आणि |क्ष| + |य| यांत चिन्हं विरुद्ध असतील, म्हणजे क्षय < ०, तर बी नक्की मोठी, चिन्हं माहीत नसतील तर डी.

बँकेच्या परीक्षांची तयारी करून मग जीआरईकडे वळणाऱ्यांसाठी एक वेगळा इशारा आहे. पीओच्या, म्हणजे बँकेतल्या अधिकारी पदाच्या परीक्षांत क्ष आणि य ची दोन वर्गसमीकरणं देऊन संबंध विचारतात. क्ष² − ७क्ष + १२ = ० ची मुळं ३ आणि ४; य² − ५य + ६ = ० ची २ आणि ३. तिथे पाच पर्यायांत ‘क्ष ≥ य’ असतो आणि तेच उत्तर. जीआरईत ≥ नावाचा पर्यायच नाही. क्ष = ३, य = ३ ला समान आणि क्ष = ४, य = २ ला ए मोठी, म्हणून तोच प्रश्न इथे डी होतो. बँकेच्या परीक्षेत शेवटच्या पर्यायात ‘समान किंवा ठरवता येत नाही’ हे दोन्ही एकत्र असतात. इथे ते वेगळे आहेत. दोन्ही परीक्षांचा सराव एकाच आठवड्यात करणाऱ्यांनी हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

वेळेचा हिशोब असा: सरासरी एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटं मिळतात. आलेख-तक्त्यांच्या प्रश्नांना त्याहून जास्त लागतात, तो वेळ तुलनेच्या प्रश्नांतूनच वाचवावा लागतो. मिनिटभरात निकाल लागला नाही तर खूण करून पुढे जा. त्या विभागात परत येता येतं. उणे गुण नाहीत, तेव्हा रिकामा कुठलाच ठेवायचा नाही. एक संख्या घालून दोन पर्याय खोडलेले असतील आणि पुढे सुचत नसेल, तर अटीकडे बघून कौल द्या: चल मोकळा सोडलाय, चिन्हाबद्दल काही सांगितलेलं नाही, तर डीकडे, अटी नेटक्या आणि नेमक्या आहेत तर आलेल्या निकालाकडे.

घरी सराव करताना प्रश्नांची संख्या वाढवत नेण्यापेक्षा एकच प्रश्न अट बदलून पुन्हा पुन्हा करा, फायदा जास्त होतो. क्ष³ ? क्ष घ्या. अट नाही: डी. क्ष > १: ए. ० < क्ष < १: बी. −१ < क्ष < ०: इथे −१/२ चा घन −१/८, तो −१/२ पेक्षा मोठा, म्हणून ए. क्ष < −१: −२ चा घन −८, बी. क्ष पूर्णांक: डीच, कारण १ ला समान आणि २ ला ए. क्ष पूर्णांक आणि |क्ष| < २: उरले −१, ०, १, तिन्ही ठिकाणी समान, सी. एका राशीच्या जोडीतून चारही पर्याय निघाले. पुस्तकातला प्रत्येक चुकलेला प्रश्न असाच उलगडा, आणि त्याच्या समोर समासात ती एक संख्या लिहा जी घातली असती तर तुमचं उत्तर मोडलं असतं. पंधरा-वीस पानांनंतर समासात त्याच त्या संख्या परत येताना दिसतील. तुमच्या नजरेतून नेहमी सुटणाऱ्या त्या याच. परीक्षेला बसताच कच्च्या कागदाच्या कोपऱ्यात सर्वात आधी त्या उतरवा.